खालची तबकडी

खमीस मुशैत
२३ सप्टेंबर २०१८

मासूमा बाय,

सलाम. ख्यालीखुशाली मागाहून लिहिते, आधी मला एक सांग. वॉर्सा तुझ्या लिस्बनपासून किती लांब?

माझ्याकडून एक घोटाळा झालाय, म्हणून विचारते. तुझा भाचा नबील परवा वॉर्साला गेला. तिथल्या कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आता दारातून वाकून आत येतो. तो युरोपला निघाला आणि तूही युरोपात, तेव्हा मी म्हटलं चला, मासूमाचं सामान हातोहात जाईल. आपल्याकडे कोणी मुंबईला निघालं की सगळी वाडी पिशव्या घेऊन त्याच्या दारात उभी राहते, तशी मी त्याच्या बॅगेपाशी उभी राहिले. आमसुलं दिली, सुका जवळा दिला, इथल्या डोंगरातला मध दिला. पांढऱ्या कापडात घालून चारी बाजूंनी शिवलं आणि वर तुझं नाव लिहिलं. त्याला बजावलं, पोचल्यावर दुसऱ्या दिवशी फुफूच्या हातात द्यायचं. कोणाकडून पाठवायचं नाही, पोस्टात टाकायचं नाही, अमानत आहे. तो बिचारा हो म्हणाला. मला वाटतं तेव्हाच त्याला ठाऊक होतं, पण निघताना दादीचं मन कशाला मोडा.

अबहाच्या विमानतळावरून परत येताना गाडीत नबीलच्या धाकट्या बहिणीने, नूरैनने, फोनवर नकाशा काढला. ती आता आठवीत आहे आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. म्हणाली, "दादी, दे आर नॉट इव्हन क्लोज." नबीलचं वॉर्सा कागदाच्या या टोकाला, तू त्या टोकाला, समुद्राच्या काठावर. मधे जर्मनी, फ्रान्स, स्पेन, सगळे आडवे पडलेले. मी म्हटलं, अगो पण दोन्हीकडे युरोपच ना? तर ती हसायला लागली, ती खमीस येईपर्यंत हसत होती.

पण मला आता चैन पडेना. घरी आल्यावर तिला म्हटलं, नीट बघून सांग. फोनवर एक पान आहे मासूमा, त्यात दोन गावांची नावं घातली की अंतर सांगतं. एक नाही, तीन-तीन सांगतं. किलोमीटर साधारण सत्तावीसशे साठ. मैल सतराशेच्या वर. आणि तिसरा आकडा समुद्री मैलांचा, चौदाशे नव्वदच्या आसपास. विमान हवेत उडतं, त्याला समुद्राचे मैल कशाला? तुझे अब्बा असते तर त्यांनी सांगितलं असतं. जहाजावरचा सारंग माणूस, बायकोला वेळ द्यायचे नाहीत पण समुद्री मैलाचं विचारलं की तासभर बोलणार. त्यांचे मैल जमिनीवरच्या मैलांपेक्षा लांब असायचे म्हणून मी त्यांना म्हणायची, तुमचं सगळंच मोठं. बघ, हे अब्बांचे मैल अजून चालू आहेत, आणि ते विमानवाल्यांनी घेतले. मला फार बरं वाटलं.

विमानाला चार तास लागतात म्हणे, वरतून सरळ गेलं तर.

आता तुझ्या भावाबद्दल, नसरूबद्दल, चार ओळी लिहिते, रागावू नकोस. घड्याळांच्या दुकानांत नोव्हेंबरपासून सौदी माणसंच उभी राहणार असा कायदा आलाय. पंचवीस वर्षं त्याने ते दुकान सांभाळलं, आता दुसऱ्याला शिकवून द्यायचं आणि पासपोर्टवर खुरूजचा, परत न येण्याचा, शिक्का घेऊन कायमचं घरी. तुझी भाभी अफशाँ भांडी बांधायला लागली आहे.

म्हणजे नबील तिकडे एकटा राहील आणि आम्ही सगळे श्रीवर्धनला. त्याचं त्या सगळ्या युरोपात एकच माणूस, ते तू. त्याच्या बापाशी तू चार वर्षं बोलली नाहीस, ते तुमचं तुम्ही बघा. पोराला एकदा भेट. मी एवढंच मागते.

आणि मला ते किती लांब ते तुझ्या तोंडाने सांग. पानावरचं मला कळलंय.

तुझी
अम्मा

ता.क. नूरैन या पानांचे फोटो काढून तुला पाठवते आहे. मी या घरात आल्यापासून तू फोन करत नाहीस, म्हणून लिहायला घेतलं. चौथीपर्यंतच शाळा, चुका होतील.


खमीस मुशैत
१२ ऑक्टोबर २०१८

मासूमा बाय,

दोन निळ्या खुणा आल्या. नूरैन म्हणाली, फुफूने वाचलं. उत्तर नाही आलं तरी वाचलं ना, मग मी लिहीत राहीन. मला लिहायची गोडी लागली आहे. अफशाँ म्हणते, अम्मांना आता टेबलखुर्ची आणून द्या, ऑफिस उघडलंय.

पहिल्यांदा तुझ्या पिशवीची हकिकत ऐक. जवळ्याचा वास सुटलाय. नबीलच्या खोलीत एक पोलंडचाच मुलगा आहे, तो खिडकी उघडी ठेवून स्वेटर घालून झोपतो. दोघांत भांडण झालं, मग नबीलने पिशवी खिडकीबाहेर टांगली. खालून कोणीतरी तक्रार केली, मग परत आत घेतली. आता ती तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून कपाटावर ठेवली आहे. त्याची आई त्याला म्हणाली, उघड आणि खाऊन टाक बाबा, तिथलं जेवण तुला जात नाही, भाताबरोबर जवळा तरी होईल. तर म्हणाला, टाके दादीने घातलेत, सोडायचे फुफूने. पोर किती वाळलं आहे गो. फोनवर गालफडं दिसतात. पण टाका सोडला नाही.

आता माझा अभ्यास सांगते. नूरैनने मला विमानांच्या वेळा दाखवल्या. वॉर्साहून सकाळी सातला निघालं की लिस्बनला सव्वादहाला. आणि लिस्बनहून अकराला निघालं की वॉर्साला चार वाजता. मी बोटं मोजली. तुझ्याकडे यायला सव्वातीन तास आणि तुझ्याकडून जायला पाच तास. तेच विमान, तोच रस्ता. मी म्हटलं, जाताना ओझं जास्त असेल, लोक खरेदी करून निघतात. नूरैन म्हणाली, नाही दादी, टाइम झोन. मग तिने ताटलीत मोसंबं ठेवून मोबाईलच्या बॅटरीने उजेड पाडला आणि ते फिरवलं. लिस्बनचं घड्याळ वॉर्साच्या एक तास मागे. म्हणून येताना एक तास घड्याळात मिळतो आणि जाताना तो परत द्यावा लागतो. वाऱ्याचंही काहीतरी आहे, तो सहसा तुझ्याकडून नबीलकडे वाहतो, पण ते मला नीट कळलं नाही. ते मोसंबं मग आम्ही खाल्लं.

मग मी तिला म्हटलं, आपल्या ओळखीचं एवढंच लांब काय आहे ते काढ, म्हणजे माझ्या डोक्यात बसेल. तिने खूप गावं घालून बघितली. जिद्दा नाही, मक्का नाही, ते जवळ पडतात. शेवटी काय निघालं सांगू? रियाध ते मुंबई. जवळजवळ तंतोतंत. तितकेच किलोमीटर आणि विमानालाही तितकाच वेळ.

म्हणजे बघ, तू आणि नबील एकमेकांपासून जितके लांब, तितक्या लांबून आपल्या वाडीने लग्नं ठरवली, बारशी केली, घरं बांधली. नसरूला मालकाने वर्षभर रियाधच्या दुकानात ठेवलं होतं तेव्हा अफशाँची पहिली खेप. त्याने तिकडून फोनवर बाळाच्या कानात अजान दिली, मी फोन धरून उभी होते. ते बाळ म्हणजे नबील. एवढ्या अंतराला आपण कधी लांब म्हटलंच नव्हतं. "इथेच तर आहे, रियाधला," असं म्हणायचो. एवढ्या प्रवासात नमाजही कमी होते, चाराच्या दोन रकाती. रागालाही तशी सूट असते का, ते कोणाला विचारावं मला कळत नाही.

आता एक विचारते आणि पत्र संपवते. नूरैन म्हणते तुझं घड्याळ खमीसच्या दोन तास मागे, थंडीत तीन. आणि थंडीत श्रीवर्धनच्या साडेपाच तास मागे. हे खरं का? मला तर आयुष्यभर वाटत आलं की बाहेरदेश म्हणजे अडीच तास मागे. सगळ्यांचे नवरे अडीच तास मागेच असायचे. नवऱ्याने "नऊला फोन करतो" म्हटलं की आपण साडेअकरापर्यंत जागायचं, हे वाडीतल्या लहान पोरीलाही ठाऊक.

अब्बांच्या वेळी तू निघालीस तेव्हा तुझ्या घड्याळात किती वाजले होते? आठवत असेल तर सांग. सहज विचारते.

अम्मा


खमीस मुशैत
३ नोव्हेंबर २०१८

मासूमा,

आज जरा बस आणि शांतपणे वाच. भाजी शिजत असेल तर गॅस बंद कर.

परवा मी नसरूच्या दुकानात गेले होते. अफशाँला आता गाडी चालवता येते. इथे बायकांना परवानगी मिळाली ना जूनमध्ये, तेव्हापासून ती शिकत होती. आता घरी जायची वेळ आली तर गाडी यायला लागली, असं आपलं सगळं. तिने मला दुकानाशी सोडलं आणि चौकाला दोन चकरा मारल्या, थांबवायचं कसं ते विसरली म्हणून.

दुकानात नवीन माणूस आला आहे शिकायला. अबू तुर्की म्हणतात त्याला. चाळिशी उलटलेला, इथल्या छावणीत फौजी होता, आता निवृत्त. मला वाटलं होतं घमेंडी असेल, तर तो नसरूला उस्ताद म्हणतो आणि मला बघून उठून उभा राहिला. मला इथली कॉफी, कावा, दिली आणि खजूर. नसरू त्याला शिकवत होता. बोलणं अरबीत, पण मला सगळं कळत होतं, कारण हातांनीच चाललं होतं.

त्या दुकानात सगळ्यात जास्त खपतात ती दोन तबकड्यांची घड्याळं. एक मोठी तबकडी, तिच्या पोटात खाली एक छोटी. वरच्या तबकडीत इथली वेळ, खालच्या तबकडीत घरची. नसरू स्वतः तसलंच वापरतो, तुला आठवेल, काळ्या पट्ट्याचं. गिऱ्हाईक आलं की आधी तोंड बघायचं, मग खालचे काटे फिरवायचे. हिंदी आला, अडीच तास पुढे. बंगाली आला, तीन पुढे. फिलिपिनो आला, पाच पुढे. पंचवीस वर्षं त्याची बोटं हेच करत आली. गिऱ्हाईक बोलायच्या आधी घड्याळ तयार.

अबू तुर्कीने सगळं करून दाखवलं. मग म्हणाला, उस्ताद, माझा धाकटा भाऊ ब्रिटनमध्ये शिकतो, आमची आई सारखी विचारते तिकडे किती वाजले, तिच्यासाठी एक लावून दे. नसरूने हसत घड्याळ घेतलं. किल्ली ओढली आणि सवयीने काटे पुढे फिरवायला लागला. अबू तुर्की म्हणाला, पुढे नाही उस्ताद, मागे. तीन तास मागे.

नसरूने काटे मागे आणले. एक तास, दोन तास, तीन. आणि मग तो तसाच उभा राहिला. घड्याळ हातात, किल्ली बाहेर. अबू तुर्कीला वाटलं किल्ली अडकली, तो बघायला वाकला. नसरूने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाला, "अम्मा, मासूमाचं गावही ह्याच वेळेत येतं ना?"

मी म्हटलं, येतं. नूरैनने सांगितलंय.

मग तो काचेच्या कपाटामागे स्टुलावर बसला. तुझं नाव त्याने चार वर्षांनी काढलं होतं.

त्या दिवसाचं मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही दोघं ऐकायलाच तयार नव्हतात. आता सांगते. अब्बा गेले त्या दुपारी तू फोन केलास. म्हणालीस, इथल्या सहाला विमान सुटतंय, चौदा तासांत मुंबई, पुढे गाडीने चार तास, मला अब्बांचं तोंड बघू द्या. फोन नसरूनेच घेतला होता. तो आठवडाभर आधीच सुट्टीवर आला होता, वरची तबकडी त्याने गावाची केली होती आणि खालची सौदीची. त्याच्यासाठी बाहेरदेश खालच्या तबकडीत असायचा. खालच्या काट्यात सहा वाजले तेव्हा तो ओट्यावर उभा राहून म्हणाला, मासूमाचं विमान सुटलं. आपल्या घरी तेव्हा साडेआठ वाजले होते. मला आवाज आठवतो त्याचा. तेव्हापासून त्याने तुझे तास मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई, दुपारी अडीचला दारात.

आणि तू तर तेव्हा विमानतळावर पोचलीही नव्हतीस गो. थंडीचे दिवस, तुझे सहा वाजले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

जुहरच्या नमाजेनंतर दुपारीच दफन करायचं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. जमात जमली होती, कबर तयार होती. मय्यतीला इतका वेळ ठेवू नये असं मोठी माणसं सांगत होती, तुमच्या मामाने तर नसरूला सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणाला, बहीण वाटेत आहे. अडीच वाजले, तो फाट्यापर्यंत जाऊन आला. तीन वाजले, परत गेला. तुझा फोन तिकडचा, लागत नव्हता. साडेदहाला उतरली असती तर कुठूनतरी कळवलंच असतं, म्हणून मग सगळे म्हणाले की हिचं विमान चुकलं. चारला अस्रची नमाज झाली तेव्हा त्याने मान खाली घातली आणि चला म्हणाला.

मगरिबच्या आधी, साडेपाचला, तुझी गाडी दारात आली.

तू म्हणालीस, मी सांगितल्या वेळेत आले, तू थांबला नाहीस. तो म्हणाला, मी सांगितल्या वेळेपेक्षा जास्त थांबलो. तू म्हणालीस, खोटारडा. तो म्हणाला, तू खोटारडी. आणि मी मधे बसले होते नुकती विधवा झालेली, मला वाटलं दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलतंय, आणि कोण ते मला जाणूनही घ्यायचं नव्हतं.

कोणीच खोटं बोलत नव्हतं मासूमा. तू चौदा आणि चार सांगितलेस, तेवढ्यातच आलीस. तो त्याहून दीड तास जास्त थांबला. तुमची फक्त सुरुवात एक नव्हती.

पंचवीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं लावणारा माणूस. दुकानातून येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. अफशाँ गाडी चालवत होती म्हणून मी कलमा पढत होते, तरी मला ऐकू आलं. म्हणाला, "अडीचच्या पुढे मला दुनियाच माहीत नव्हती."

तू काय करावंस ते मी सांगत नाही. तुझं दुःख अब्बांच्या तोंडाचं आहे, ते काही काटे फिरवून परत यायचं नाही. पण तो थांबला होता. हे तुला माहीत असायला हवं.

अम्मा


खमीस मुशैत
२० नोव्हेंबर २०१८

मासूमा बाय,

नबीलचा फोन आला. तू त्याला विचारलंस, पिशवीत काय आहे. एवढंच विचारलंस आणि मी अख्ख्या घराला शिरा करून घातला. अफशाँने विचारलं, शिरा कशाचा? मी म्हटलं, थंडी पडली म्हणून. इथे थंडी पडते हे तुला सांगितलं का? खमीस उंचावर आहे, सकाळी ढग रस्त्यावर उतरतात. नूरैन म्हणते शाळेची बस ढगातून येते. वरच्या डोंगरात माकडं आहेत, मोठाली, केसाळ, ती पर्यटकांच्या गाडीतून चिप्सची पाकिटं पळवतात. एकाने नसरूची चप्पल नेली होती. लोकांना वाटतं सौदी म्हणजे वाळू आणि उंट, मलाही वाटायचं.

नबील म्हणाला की त्याने तुला उत्तर दिलं, "फुफू, मला ठाऊक नाही, पण वास जवळ्याचा आहे." त्यावर तू हसलीस असं त्याला वाटतं. तू लिहून हसलीस, मग ते हसणं खरं की नुसती खूण, हे त्याला कळेना. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, माझी लेक आहे, खूण काढायच्या आधी हसते.

डिसेंबरात त्याच्या कॉलेजला दहाएक दिवस सुट्टी आहे. खोलीतला मुलगा आपल्या घरी जाणार. सगळं हॉस्टेल रिकामं होणार.

हे मी फक्त कळवते आहे. मला विमानांच्या वेळा आता पाठ आहेत, विचारायचं असेल तर मला विचार.

दुकानात गिऱ्हाइकापुढे आता अबू तुर्कीच उभा राहतो. नसरू मागे बसून हिशेब सोपवतो आहे. त्याने माझ्याकडे तुझं पत्र आलं का असं विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी नूरैनचा फोन चार्जिंगला लावतो. कधी लावायचा नाही.

अम्मा


खमीस मुशैत
२८ डिसेंबर २०१८

माझ्या मासूमा,

आज माझ्या हाताला अक्षर लागत नाही, वेडंवाकडं येतंय, आनंदाने. तुला सगळं माहीतच आहे, तरी माझ्या बाजूचं लिहिते. तिकडची बाजू तू लिही.

नबीलचं सुट्टीतलं जादा विमान तिकडच्या पहाटे पाचला सुटलं आणि आमच्या घरी जुम्याची तयारी बाजूला पडली. नूरैनने फोनवर काहीतरी उघडलं, त्यात सगळ्या जगाची विमानं दिसतात, पिवळी पिवळी, तांदळात किडे पडावेत तशी. त्यात एकाला बोट लावलं तर ते लाल झालं आणि वर लिहून आलं, वॉर्सा ते लिस्बन. मी म्हटलं, यात माझा नातू आहे? ती म्हणाली, येस दादी, अँड युअर जवळा.

आम्ही बसून बघितलं. जर्मनीवरून गेलं. नूरैन एकेका गावाचं नाव वाचत होती. मला सारखं वाटत होतं, खालच्या माणसांना ठाऊक आहे का की वरून आमचं पोर चाललंय. फ्रान्सवर आल्यावर विमान जरा तिरकं वळलं. मी घाबरले, तर नसरू मागून म्हणाला, "वारा चुकवतोय." तो कधी येऊन उभा राहिला होता कळलंच नाही. आंघोळ झालेली, केस ओले, हातात टोपी. मग तो तिथेच खाली सतरंजीवर बसला. समुद्री मैलांत किती उरले ते त्याने नूरैनला विचारलं. अब्बांचा मुलगा ना.

विमान तुझ्या गावावर समुद्राकडून वळून उतरलं. तो लाल किडा हळूहळू थांबला. मग फोन घेऊन बसलो तर काही नाही. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. नसरू म्हणाला, बॅग यायला वेळ लागतो. मग म्हणाला, मोठा विमानतळ आहे. मग टोपी घातली आणि जुम्याला निघून गेला.

तो गेल्यावर तुझा फोटो आला. नबील एवढा उंच आणि तू त्याच्या काखेत मावलेली. तुझे केस पिकले गो, मला सांगितलं नाहीस. आणि पिशवी तुझ्या दोन्ही हातांत, टाके तसेच. मी अफशाँला दाखवला, ती रडली. तिचा मुलगा आहे, तिला हक्क आहे. मी रडले नाही. मी नूरैनला म्हटलं, पिशवीचा फोटो मोठा कर, मला टाके बघायचेत. सगळे होते.

नसरू नमाजेहून आला, आम्ही जेवलो. नूरैनने फोन त्याच्यापुढे ठेवला, त्याने फोटो बघितला आणि पालथा घातला.

चार वाजता तुझा फोन आला. नूरैनने उचलला आणि मला द्यायच्या ऐवजी पोरीने थेट बापाच्या हातात दिला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो "अस्सलामु अलैकुम" म्हणाला आणि पायाखालची सतरंजी सारखी करायला लागला. मला वाटलं, झालं, आता ठेवतील दोघं. मग तुझा आवाज आला, फोन मोठ्या आवाजावर होता. तू म्हणालीस, "नसरूभाय, तुझ्या घड्याळात किती वाजले?"

त्याने मनगट वर केलं. मला इतक्या लांबून काय दिसणार, पण तो वाचायला वेळ लावत होता. मग म्हणाला, "माझ्या चार. तुझा एक."

खालची तबकडी त्याने कधी फिरवली ठाऊक नाही. मी तरी पाहिलं नाही. पंचवीस वर्षं तिच्यात श्रीवर्धन होतं.

पुढचं तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं नाही, कारण मी नळ सोडला. एवढं तरी मला कळतं. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाला, ती जवळा करतेय, कांदा जास्त घालतेय, तिला सांग. मी म्हटलं, तूच सांग, नंबर आहे तुझ्याकडे.

पुढच्या शुक्रवारी आम्ही निघतो. खुरूजचे कागद झाले. अबू तुर्की सोडायला येणार आहे विमानतळावर, त्याच्या आईने माझ्यासाठी मध दिलाय. तिच्या हातात घड्याळ आहे म्हणे, दिवसातून दहा वेळा खालची तबकडी बघते आणि सांगते, माझा मुलगा आता जेवला असेल. गावाला गेल्यावर नसरू काय करणार ते अजून त्यालाही माहीत नाही. अफशाँला श्रीवर्धनच्या बाजारात गाडी चालवायची आहे, त्याचीच मला जास्त धास्ती.

काल मी त्याला विचारलं, आता वरची तबकडी गावाची करशील आणि खालची सौदीची, पूर्वी सुट्टीवर यायचास तशी? तो बॅगेला दोरी बांधत होता. म्हणाला, वरची करेन. खालचीला आता हात लावायचा नाही.

नूरैनने मला लिस्बन ते मुंबई काढून दिलंय. ते मी लिहीत नाही, फार लांब आहे आणि तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात नबीलला घेऊन ये. अब्बांच्या कबरीपाशी आपल्या गावात बायकांना कब्रस्तानाच्या भिंतीबाहेरून उभं राहता येतं, आंब्याच्या बाजूने, मी रोज जायची. नसरू तुला नेईल. निघशील तेव्हा हिशेब करत बसू नकोस. फक्त तुझ्या घड्याळातली वेळ सांग. पुढचं तो मोजेल.

तुझी
अम्मा